तीन बंदुकांचा खेळ (भाग ९) : डोळा वर, नळी खाली

रायफलची दुर्बीण नळीच्या वर बसते. मल्टिगनच्या, म्हणजे रायफल, पिस्तूल आणि शॉटगन अशा तीन बंदुकांच्या खेळाच्या, मैदानावर सर्रास दिसणाऱ्या एआर-१५ घराण्याच्या रायफलीत नळीचा मध्य आणि दुर्बिणीचा मध्य यांत साधारण अडीच ते पावणेतीन इंचांचे अंतर असते. आडव्या धरलेल्या चार बोटांहून ते कमीच भरते. पण स्पर्धकाचे सुटलेले बरेचसे नेम आणि सुरक्षेचे काही प्रश्न या अंतरातूनच जन्मतात. आडोशाच्या कडेला ठेवलेल्या रायफलीचा उल्लेख गेल्या भागात आला, तेव्हा वाचकांनी एक नेमका प्रश्न विचारला: दुर्बिणीतून लक्ष्य स्वच्छ दिसत असताना गोळी समोरच्या फळीत घुसतेच कशी? प्रश्न इतका मोलाचा आहे की या आठवड्यासाठी ठरलेली शॉटगनची भरणी पुढच्या भागावर ढकलून हा संपूर्ण भाग त्या अडीच इंचांना दिला आहे.

आधी हे अंतर येते कुठून ते पाहू. जुन्या लाकडी रायफलीचा दस्ता नळीपासून खाली उतरतो. गोळी सुटल्यावर धक्का खांद्याच्या वरच्या रेषेत बसतो आणि नळीचे तोंड उसळते. यूजीन स्टोनर यांनी एआर-१५ घराण्याची मूळ रचना करताना दस्ता नळीच्या सरळ रेषेत ठेवला. त्यामुळे धक्का थेट मागे जातो, तोंड कमी उसळते आणि दुसरी गोळी लवकर नेमता येते. मल्टिगनला हाच गुण हवा असतो. पण दस्ता सरळ झाला की त्यावर गाल टेकणाऱ्या माणसाचा डोळा नळीपेक्षा बराच वर येतो आणि नेमाचे साधनही त्याच्या मागोमाग वर चढते. शिकारी रायफलीवर दुर्बीण नळीपासून दीडएक इंचावर बसवता येते. इथे तेवढी खाली आणली तर डोळा तिच्यापर्यंत पोचणार नाही.

म्हणजे रेषा दोन झाल्या. दृष्टीची रेषा सरळ जाते. गोळी तिच्या खालून निघते, नळी किंचित वर रोखलेली असल्यामुळे चढत दृष्टिरेषेला येऊन मिळते, थोडी वर जाते आणि गुरुत्वाकर्षणामुळे पुन्हा खाली येताना दुसऱ्यांदा तीच रेषा छेदते. या छेदांपैकी एक कोणत्या अंतरावर आणायचा ते ठरवून दुर्बिणीचे स्क्रू फिरवणे म्हणजे रायफल झिरो करणे.

मल्टिगनमध्ये ५० यार्डांचा झिरो फार जणांना आवडतो. ५५ ग्रेन वजनाची गोळी सेकंदाला सुमारे ३००० फूट वेगाने सुटत असेल आणि दुर्बीण नळीपासून २.६ इंच वर असेल, तर हिशेब असा येतो. १० यार्डांवर गोळी नेमाच्या सुमारे दोन इंच खाली लागते. २५ यार्डांवर सव्वा इंचाच्या आसपास खाली, ५० यार्डांवर नेमावर. १०० यार्डांवर ती दीडएक इंच वर असते, २०० यार्डांच्या जवळपास पुन्हा नेमावर येते आणि ३०० यार्डांवर आठेक इंच खाली जाते. गोळी, नळीची लांबी, उंची आणि हवा बदलली की आकडे थोडे सरकतात, म्हणून प्रत्येकाने आपला तक्ता कागदावर गोळ्या मारूनच तयार करायचा असतो. पण चित्र हेच राहते: हातभर अंतरापासून २०० यार्डांच्या पुढेपर्यंत गोळी नेमापासून फार तर अडीच इंच दूर.

१०० यार्डांचा झिरो मोजायला सोपा आहे, कारण त्यापुढे गोळी कायम खालीच असते आणि वर-खाली असा घोळ उरत नाही. मात्र २०० यार्डांवर ती अडीच इंच आणि ३०० यार्डांवर फूटभर खाली जाते. त्यासाठी दुर्बिणीच्या काचेवरच्या खुणा तोंडपाठ असाव्या लागतात. अमेरिकी लष्कराच्या ३०० मीटरच्या झिरोत मधल्या टप्प्यात गोळी सहा इंचांच्या आसपास वर चढते. माणसाएवढ्या लक्ष्यावर ते खपून जाते. सहा-आठ इंचांच्या लोखंडी पत्र्यावरून मात्र गोळी निघून जाते आणि घड्याळ चालूच राहते. म्हणून या खेळात तो झिरो फारसा रुजला नाही.

वाचकांचा आणखी एक प्रश्न स्वप्नील कुसाळे यांच्या रायफलीविषयी होता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या या नेमबाजाने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्या रायफलीतही नेमाचे साधन नळीच्या वरच असते. पण तिथे लक्ष्य प्रत्येक वेळी ५० मीटरवरच उभे असते. रायफल त्या एका अंतरासाठी लावली की दोन रेषांमधला फरक स्पर्धेपुरता संपतो आणि पुढची सगळी कसोटी १०.४ मिलिमीटरच्या दहाच्या वर्तुळाशी असते. मल्टिगनमध्ये एकाच फेरीत पाच यार्डांवरचा कागद आणि ३०० यार्डांवरचा पत्रा शेजारीशेजारी येतो. पहिल्या खेळात अंतर पक्के आणि अचूकपणा टोकाचा. दुसऱ्यात लक्ष्य मोठे, पण अंतर दर दोन सेकंदांनी बदलणारे. दोन्ही खेळांना नेमबाजीच म्हणतात, पण रायफलीची मांडणी मात्र दोहोंत मुळापासून वेगळी होते.

जवळच्या लक्ष्यावर हे दोन इंच फार महाग पडतात. यूएसपीएसए या अमेरिकी नेमबाजी संघटनेच्या पुठ्ठ्याच्या लक्ष्यावर डोक्याच्या भागात जी ‘ए’ चौकट असते ती चार इंच रुंद आणि दोन इंच उंच. सात यार्डांवरून तिच्या मधोमध नेम धरला तर गोळी दोन इंचांहून थोडी जास्तच खाली, म्हणजे चौकटीबाहेर, लागते. चौकटीच्या वरच्या कडेच्याही थोडे वर नेम धरला तरच गोळी आत बसते. फेरीची आखणी करणारे हे जाणून असतात. ते लक्ष्याचा खालचा भाग काळ्या रंगाने झाकून ‘हार्ड कव्हर’ करतात किंवा पांढरे ‘नो-शूट’, म्हणजे मारायचे नसलेले, लक्ष्य त्याच्या गळ्यापर्यंत आणून लावतात. मग दोन इंचांचा विसर थेट दंडात जमा होतो. नवा स्पर्धक ३०० यार्डांच्या पत्र्याचा सराव आठवडाभर करतो आणि सात यार्डांच्या कागदावर गुण घालवतो. याचे कारण एवढेच की लांबच्या लक्ष्याची भीती वाटते आणि जवळच्याची वाटत नाही.

रायफल आडवी केली की हिशेब आणखी बदलतो. जमिनीलगतच्या फटीतून नेम धरताना स्पर्धक रायफल कुशीवर निजवतो. समजा, दुर्बीण डावीकडे आणि नळी उजवीकडे आली. आता अडीच इंचांचे अंतर खाली न राहता बाजूला गेले. जवळच्या लक्ष्यावर गोळी उजवीकडे लागते. नळी मुळात दृष्टिरेषेकडे कललेली असल्यामुळे ५० यार्डांच्या थोडे आधीच ती रेषा ओलांडून डावीकडे सरकते. शिवाय गुरुत्वाकर्षण आपले काम करत राहते आणि त्याला तोलणारा नळीचा चढ आता उरलेला नसतो. ५० यार्डांचा झिरो असेल तर १०० यार्डांवर गोळी सुमारे साडेतीन इंच डावीकडे आणि दोन इंच खाली जाते. नियम ध्यानात ठेवायला सोपा आहे: जवळच्या लक्ष्यावर गोळी नळीच्या बाजूला लागते, लांबच्या लक्ष्यावर दुर्बिणीच्या बाजूला आणि खाली.

आता फळीचा प्रश्न. आडोशाच्या वरच्या कडेवरून किंवा भिंतीतल्या झरोक्यातून डोळा लक्ष्य पाहतो तेव्हा दृष्टिरेषा कडेच्या वरून मोकळी जाते. नळी मात्र अडीच इंच खाली, कडेच्या मागे असते. डोळ्याला वाट उघडी दिसते आणि नळीला ती बंद असते. दुर्बिणीची ताकद जास्त असेल तर जवळची फळी इतकी धूसर होते की ती दिसतच नाही. चाप ओढला की गोळी लाकडात जाते.

इथे गुणांचा प्रश्न मागे पडतो आणि सुरक्षेचा पुढे येतो. लाकडातून किंवा पत्र्याच्या पिंपातून बाहेर पडणाऱ्या गोळीची दिशा खात्रीची राहत नाही. ती मातीच्या बांधावरून पलीकडे जाऊ शकते. लाकडाच्या ढलप्या आणि गोळीच्या आवरणाचे तुकडे स्पर्धकाच्या तोंडावर आणि शेजारी उभ्या असलेल्या रेंज ऑफिसरवर येतात. डोळ्यांवर चष्मा स्पर्धकाइतकाच प्रेक्षकालाही सक्तीचा असतो, त्यामागे हे एक मोठे कारण आहे. उपाय साधा आहे. नेम धरताना नळीचे तोंड आडोशाच्या पलीकडे काढावे, किंवा मागे राहायचे असेल तर रायफल कडेपासून चार बोटे वर घ्यावी. फेरीआधी रिकाम्या हातांनी मैदान पाहण्याची संधी मिळते. तेव्हा जाणता स्पर्धक प्रत्येक झरोक्याशी हाताची चार बोटे लावून पाहतो.

लोखंडी लक्ष्यांबाबत आणखी एक सावधगिरी लागते. पिस्तुलासाठी पत्रा सात मीटरवर चालतो. रायफलीसाठी तो त्याच्या कितीतरी पट लांब हवा, कारण रायफलीची वेगवान गोळी जवळच्या पत्र्याला खड्डा पाडते आणि त्या खड्ड्यातून पुढचे तुकडे उलट दिशेने येतात. त्यासाठीच पोलादी गाभ्याच्या गोळ्यांवर बहुतेक सामन्यांत बंदी असते आणि तपासनीस गोळीला लोहचुंबक लावून पाहतो. गोळी चिकटली की ती काडतुसे बाजूला ठेवावी लागतात.

आता रायफलीची मांडणी. अमेरिकेत विशेष नोंदणी नसेल तर सामान्य नागरिकाच्या रायफलीची नळी कायद्याने किमान १६ इंचांची लागते. मल्टिगनमध्ये १६ आणि १८ इंचांच्या नळ्या रूढ आहेत. १८ इंचांच्या नळीला वायूचा मार्ग लांब ठेवला की धक्का मऊ येतो. नळीच्या टोकाला बसवलेला ब्रेक वायू बाजूला आणि वर फेकून तोंड स्थिर ठेवतो. स्पर्धेच्या ‘ओपन’ विभागात त्याच्या आकाराला मर्यादा नसते. ‘टॅक्टिकल’ आणि ‘लिमिटेड’ विभागांत रूढ मर्यादा एक इंच व्यास आणि तीन इंच लांबी अशी आहे. टॅक्टिकलमध्ये दुर्बीण एकच, लिमिटेडमध्ये विनावर्धनाचे साधन. ओपनमध्ये मुख्य दुर्बिणीशेजारी ४५ अंशांत झुकलेला दुसरा रेड डॉट, म्हणजे लाल ठिपक्याने नेम दाखवणारे साधन, चालतो. स्पर्धक मनगट वळवतो, लांबची दुर्बीण बाजूला होते आणि जवळचा ठिपका डोळ्यासमोर येतो. पण त्या ठिपक्यालाही नळीपासूनचे स्वतःचे अंतर असते आणि त्याचा झिरो वेगळा लावावा लागतो.

सर्वांत दुर्लक्षित भाग दुर्बिणीच्या माउंटचा. मल्टिगनमध्ये रायफल फेरीच्या मध्यावर सोडून द्यावी लागते. ती तोंड खाली करून पिंपात किंवा पेटीत ठेवतात, तीही धावता धावता. दुर्बीण पिंपाच्या काठावर आपटते. स्क्रू सैल असेल तर झिरो तिथेच संपतो आणि स्पर्धकाला पुढच्या फेरीपर्यंत पत्ताही लागत नाही. म्हणून स्क्रू हाताच्या अंदाजाने न आवळता टॉर्क रेंचने आवळावेत आणि स्क्रूच्या डोक्यावरून माउंटपर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला. दोन मिनिटांचे हे काम वर्षभराच्या सरावाचे रक्षण करते.

रायफल सोडून देण्याचा नियमही इथेच समजून घेण्यासारखा आहे. सोडलेली बंदूक एक तर पूर्ण रिकामी असावी, नाहीतर तिची सेफ्टी पूर्ण लागलेली असावी. नियमपुस्तकांत शब्दांचा फरक आहे, गाभा हाच. वरवर सोपा वाटणारा हा नियम एआर-१५ च्या बाबतीत एका ठिकाणी अडतो. या रायफलीची सेफ्टी हॅमर (आतली हातोडी) चढलेला असेल तरच लागते. चाप ओढला, नुसता ‘टक्’ आवाज आला आणि काडतूस पेटलेच नाही, तर हॅमर पडलेला असतो आणि चेंबरमध्ये जिवंत काडतूस. आता सेफ्टीची कळ कितीही दाबली तरी फिरत नाही. घड्याळाच्या भीतीने स्पर्धक तशीच रायफल पिंपात टाकतो आणि पिस्तूल काढून पुढे धावतो. तो सामन्यातून बाद होतो, आणि व्हायलाच हवा. कारण न पेटलेले काडतूस उशिरा पेटू शकते आणि सोडलेल्या रायफलीवर कुणाचाही ताबा नसतो. योग्य रीत म्हणजे चार्जिंग हँडल ओढून ते काडतूस बाहेर काढणे. त्याने हॅमर पुन्हा चढतो. मग सेफ्टी लावायची, अंगठ्याने ती बसल्याची खात्री करायची आणि मगच रायफल सोडायची. डावखुऱ्या नेमबाजाने दोन्ही बाजूंनी चालणारी सेफ्टी बसवून घेणे ही चैन नाही, गरज आहे.

१८० अंशांच्या रेषेची, म्हणजे नळीचे तोंड जिच्या मागे कधीच वळता कामा नये त्या रेषेची, ओळख या मालेत आधी झाली आहे. रायफलीच्या संदर्भात एकच भर घालायची. रायफल पिस्तुलाच्या कितीतरी पट लांब, साधारण तीन फूट असते. खांदा थोडा वळला की तोंडाचा प्रवास मोठा होतो. उजव्या हाताचा नेमबाज उजवीकडे धावू लागला की शरीराबरोबर नळी उजवीकडून मागे वळू पाहते. त्याचा डोळा पुढच्या आडोशावर असतो आणि नळी रेषेकडे सरकत असते. पुन्हा तेच: डोळा एकीकडे, नळी दुसरीकडे. उपाय म्हणजे धावताना छाती आणि तोंड बांधाकडे ठेवणे, बोट चापाच्या कडीबाहेर सरळ ठेवणे आणि पावले तेवढी बाजूला टाकणे.

फेरी संपल्यावर रेंज ऑफिसरच्या आज्ञेने मॅगझिन काढायचे, चेंबर रिकामे दाखवायचे आणि त्यात भडक रंगाची झेंडी खोचायची. फेरीबाहेर मैदान ‘थंड’ असते, म्हणजे कुणाचीही बंदूक भरलेली नसते. रायफल उचलून नेताना तोंड सरळ आकाशाकडे किंवा सरळ जमिनीकडे. बंदूक हाताळायची असेल तर नेमून दिलेल्या सुरक्षित जागेतच, आणि तिथे काडतुसाला हात लावायला सक्त मनाई. चेंबरमधली झेंडी ऑलिंपिक नेमबाजीतही सक्तीची आहे. भारतात नॅशनल रायफल असोसिएशनची स्थापना १९५१ साली झाली. तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर होते आणि आजही त्यांच्या नावाने अखिल भारतीय नेमबाजी स्पर्धा भरते. त्या स्पर्धेला जाणाऱ्या नवख्या मुलामुलींच्या रायफलीतही तीच झेंडी असते. खेळ वेगळा असला तरी ती एकच गोष्ट सांगते: बंदूक रिकामी आहे हे मनात ठरवून चालत नाही, दुसऱ्याला लांबून दिसावे लागते.

आतापर्यंतच्या सगळ्या चर्चेतून रायफलीच्या मांडणीचा क्रम उघड होतो. आधी दुर्बिणीची उंची स्वतः मोजावी. ५० यार्डांवर झिरो करावा. मग ५, १०, २५, १०० आणि २०० यार्डांवर कागदावर पाच-पाच गोळ्या मारून गोळी प्रत्यक्ष कुठे लागते ते लिहून ठेवावे. रायफल दोन्ही कुशींवर निजवून हीच चाचणी पुन्हा करावी. हा तक्ता दस्त्यावर चिकटवून ठेवावा. शेवटी रिकाम्या रायफलीने, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, सेफ्टी लावून ती पिंपात ठेवण्याचा सराव शंभर वेळा करावा. नेम चुकला तर दंडाचे काही सेकंद जातात. सेफ्टी चुकली तर सामना जातो, आणि त्या नियमाने वाचवलेला जीव कुणाचा होता हे कधीच कळत नाही.

पुढच्या भागात शॉटगनची भरणी.